पोटातला गोळा

कवळीताई समोरच्या माणसाच्या तोंडाकडे टक लावून बघायची, आणि लोकांना वाटायचं, बाई आपलं बोलणं किती मन लावून ऐकते आहे. ती बघत असायची दात. पुढचा एक किंचित वळलेला, शेजारचा नंतर बसवलेला, त्याचा रंग बाकीच्यांशी न जुळणारा आणि हिरडीच्या कडेला कुणा आळशाने नीट न घासलेली रेघ. माणसांच्या डोळ्यांत बघितलं की तिला पेटलेल्या दिव्यात बघितल्यासारखं व्हायचं, म्हणून लहानपणीच तिने आपली नजर जरा खाली आणून ठेवली होती. तेवढ्याशा फरकाने अख्खं जग फसलं. जगाबद्दल तिचं मत फारसं चांगलं नव्हतं, त्याला हेही एक कारण होतं.

एका डेंटल लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून तोंडाचे ठसे यायचे, त्यांत ती प्लास्टर ओतायची, साचा सुटला की त्यावर मेणाच्या हिरड्या चढवायची आणि एकेक दात लावत जायची. त्यावरूनच तिला हे नाव पडलं होतं. लग्न केलेलं नव्हतं. "जमलं नाही," असं तिची थोरली बहीण चार लोकांत सांगायची. "केलं नाही," असं ती स्वतः सांगायची आणि मधेच बोलणं तोडून ही दुरुस्ती करायची. आई गेल्यापासून दोन खोल्यांत एकटी राहायची आणि तिथे तिला काही कमी नव्हतं.

लॅबचे थोरले मालक प्रेमळ होते अशातला भाग नाही. ते बोलतच नसत, आणि कवळीताईच्या मते माणसाच्या अंगी याहून मोठा गुण असू शकत नव्हता. खिडकीखालचं टेबल तिचं, ब्रश तिचे, मेणाची सुरी तिची. दवाखान्यांचे फोन ते स्वतः घ्यायचे आणि काय हवं ते कागदावर खरडून तिच्या टेबलावर ठेवायचे. अशी कितीतरी वर्षं गेली. मग त्यांचे गुडघे गेले, आणि खुर्चीवर त्यांचा मुलगा येऊन बसला.

धाकटे मालक कुठलासा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम करून आले होते. त्यांनी आल्या आल्या मधल्या भिंती पाडल्या, छताला स्पीकर लावले आणि सगळ्यांना गोलात उभं करून जाहीर केलं, "आजपासून कुणाची जागा ठरलेली नाही! जो येईल तो वाटेल तिथे बसेल. रोज नवी जागा, रोज नवा विचार!"

"आणि हत्यारं?" कवळीताईने विचारलं.

"हत्यारांचं काय?"

"ती कुठे बसतील?"

सगळे खो खो हसले. मालकही हसले आणि म्हणाले, हाच तो मोकळेपणा, मला हेच अपेक्षित आहे. कवळीताईने विनोद केला नव्हता. उत्तर मिळालं नाही ते नाहीच. वर पुढच्या आठवड्यात प्रत्येक टेबलावर फोन आला. आता कारागिराने थेट डॉक्टरांशी बोलायचं, नातं जोडायचं. कवळीताईला कवळ्या जोडायच्या होत्या. नाती जोडायला ती तिथे आलेली नव्हती.

तेव्हापासून लॅबच्या जिन्यात तिचं पोट दुखायला लागलं. आधी मळमळ, मग बेंबीच्या वर काहीतरी आवळून बसायचं. ती सकाळी आत शिरली की विचारायची, "आज मी कुठे बसणार?" कुणीतरी सांगायचं, कुठेही बसा. ती पुन्हा विचारायची. "फोन वाजला तर कोण घेणार?" तुम्हीच घ्या की. ती पुन्हा विचारायची. पॉलिश करणाऱ्या गड्याने तिची नक्कल बसवली होती आणि जेवणाच्या सुट्टीत तो ती करून दाखवायचा. कुणी म्हणे हेकट आहे, कुणी म्हणे आढ्यताखोर आहे, कुणी म्हणे वय झालं की बायकांचं असं होतं. एवढ्या तज्ज्ञ मंडळींत एकालाही वाटलं नाही की बाई घाबरली आहे. तिलाही वाटलं नाही, ही गोष्ट वेगळी.

ती डॉक्टरांकडे गेली आणि म्हणाली, "पोटात गोळा येतो."

आता, मराठी बोलणाऱ्या कुणालाही विचारा, पोटात गोळा कधी येतो? शाळेतलं पोरही सांगेल. पण कवळीताईचा चेहरा सपाट, आवाज सपाट, नजर दातांवर. तिच्या तोंडून ते वाक्य असं आलं की डॉक्टरांनी खरोखरच गोळा शोधायला घेतला. पोटावरून यंत्र फिरवलं, घशातून नळी घातली, रक्त काढलं, पुन्हा काढलं. शेवटी ते प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "अभिनंदन! आत काही नाही."

"मग दुखतं काय?"

"गॅस."

तिने गॅसच्या गोळ्या घेतल्या. गॅस गेला असेल तर गेला. गोळा काही गेला नाही.

आणि एके दिवशी व्हायचं ते झालं. एका हातात वाडगं, दुसऱ्यात पळी, प्लास्टर घट्ट व्हायला आलेलं, शेजारी घासण्याचं यंत्र किंचाळतंय, वरून धाकट्या मालकांचं प्रेरणादायी संगीत गळतंय आणि तशात टेबलावरचा फोन वाजला. वाजतच राहिला. कवळीताईने तो उचलला, प्लास्टरच्या वाडग्यात बुडवला आणि वाडगं टेबलावर ठेवून कोठीत गेली. तिथे प्लास्टरच्या पोत्यांमध्ये बसून ती पुढे-मागे झुलत राहिली, बाहीचं टोक दातांत धरून. बाहेर लोक जमले. तोवर वाडग्यातला फोन दगडात चिणला गेला होता.

"सुट्टी घ्या," धाकटे मालक म्हणाले. "मन शांत करून या." जसं काही मन म्हणजे चहा, बशीत ओतून फुंकर घातली की झालं.

इथे भाऊजींचा प्रवेश होतो. भाऊजी म्हणजे थोरल्या बहिणीचा, ताईचा, नवरा. त्यांना सगळ्यातलं सगळं कळायचं, आणि ज्यातलं कळायचं नाही त्यातलं जरा जास्तच. त्यांच्या ओळखीने कवळीताई आधी एका मोठ्या मनोविकारतज्ज्ञांकडे गेली.

"चिंता वाटते का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"भीती?"

"कशाची?"

"कशाचीही."

"कशाचीही कशी वाटेल?" कवळीताईला प्रश्नच मूर्खपणाचा वाटला. भिंतीची? पेनाची?

चिंता नाही, भीती नाही, असं ठरवून ते मोकळे झाले. सोबत आलेल्या ताईने दबक्या आवाजात विचारलं, "ऑटिझम वगैरे तर नसेल? मी कुठेतरी वाचलं..." तर ते हसले. "छे हो! तो लहान मुलांना असतो. या नोकरी करतात, माझ्याकडे बघून बोलतात." ती त्यांच्या सुळ्याकडे बघत होती. सुळा किडला होता. त्यांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

मग एक मृदू आवाजाचे समुपदेशक झाले. त्यांच्या खोलीत सुगंधी मेणबत्ती जळत होती, तिने कवळीताईचं डोकं उठलं. डोळे मिटा, ते म्हणाले, आणि कल्पना करा, तुम्ही समुद्रकिनारी आहात.

"कुठल्या?"

"तुम्हाला आवडेल त्या."

"मला वाळू आवडत नाही."

"बरं, वाळू नाही असं समजा. आता श्वासाकडे लक्ष द्या."

तिने श्वासाकडे लक्ष दिलं आणि लक्ष दिल्याबरोबर तो अडखळायला लागला, कारण आजवर तो बिचारा आपला आपण चालत होता. वाळू नसलेल्या किनाऱ्यावर गुदमरून ती घरी आली आणि पुन्हा तिकडे गेली नाही. "सहकार्य करत नाहीत," असं त्यांनी भाऊजींना कळवलं.

भाऊजींनी हार मानली नाही. "मेहुणीबाई, तुमचा प्रॉब्लेम एकच, आत्मविश्वास!" म्हणत त्यांनी तिला एका शिबिरात नेऊन बसवलं. एका मोठ्या सभागृहात माणसं टाळ्या पिटत होती, आणि व्यासपीठावर एक प्रशिक्षक पांढऱ्याशुभ्र दातांनी ओरडत होता. ते दात त्याच्या वयाच्या माणसाचे असूच शकत नव्हते. असला रंग कोण निवडतं, हा विचार करत कवळीताईने पहिला तास काढला. मग जोड्या लावल्या गेल्या. डोळे मिटून मागे पडायचं, मागचा माणूस झेलेल.

"झेलेल कशावरून?" तिने विचारलं.

"विश्वास ठेवा!"

"मी यांना ओळखत नाही."

"म्हणूनच तर!" प्रशिक्षक ओरडला, आणि तिला धीर द्यावा म्हणून त्याने मागून येऊन तिला घट्ट मिठी मारली.

पुढचं तिला तुकड्यातुकड्यांत आठवायचं. तिचं कोपर मागे गेलं, त्याच्या पुढच्या दाताचा टवका उडाला, लोक टाळ्या पिटायचे थांबले. ती टेबलाखाली शिरली. छाती भात्यासारखी चालत होती, हातांना मुंग्या आल्या होत्या, आपण मरतो आहोत याबद्दल तिला शंका नव्हती. कुणीतरी गाडी बोलावली. सरकारी दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला, तो ठणठणीत निघाला. तिथल्या पोरगेल्या डॉक्टरने तिची सगळी हकिगत ऐकली, गोळ्यापासून मिठीपर्यंत, आणि भाऊजींना बाहेर बसवून तिला मानसोपचार विभागातल्या बाईंकडे पाठवलं.

या बाई दिसायला तुसड्या होत्या. हसत नव्हत्या, "या या, बसा" नाही, मेणबत्ती तर नाहीच. टेबलावरचा चहा गार झालेला. कवळीताई दारातच थबकली तेव्हा त्यांनी वर बघून विचारलं, "दिवा बंद करू का? गुणगुणतो तो."

ट्यूबलाइटचा तो आवाज ऐकू येणारं दुसरं माणूस कवळीताईला जन्मात भेटलं नव्हतं. ती बसली.

"पोटात गोळा येतो म्हणता. शेवटचा कधी आला?"

"आत्ता. वर येताना."

"त्याच्या आधी काय झालं?"

"खालच्या माणसाने सांगितलं, जिन्यासमोरची खोली. जिन्यासमोर खोली नव्हती."

"मग?"

"मग कुठे जायचं ते कळेना."

"त्याआधीचा?"

असं करत बाई एकेका गोळ्याच्या मागे मागे गेल्या. जिना, बदललेलं टेबल, फोन, शिबिर. 'तुम्हाला काय वाटलं' असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. शेवटी म्हणाल्या, "याला भीती म्हणतात."

"भीती मनात असते," कवळीताई म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"सगळे म्हणतात."

"सगळे तर पोटात गोळा आला असंही म्हणतात. कधी म्हणतात?"

 ते वाक्य कवळीताईने लहानपणापासून ऐकलं होतं. परीक्षेच्या आधी मैत्रिणी म्हणायच्या, घरी यायला उशीर झाला की आई म्हणायची. तिची प्रामाणिक समजूत अशी होती की या लोकांची पचनशक्ती बिघडलेली आहे.

मग ताईला बोलावणं गेलं. लहानपणचं विचारलं. ताई म्हणाली, शाळेची वाट बदलली की ही रस्त्यात आडवी पडायची, आई फरफटत न्यायची, हट्टी म्हणून ही मार खायची. बाई म्हणाल्या, हट्ट नव्हता तो, घाबरायची ती. ताईने पदर डोळ्यांना लावला. कवळीताईला त्यात रडण्यासारखं काही दिसलं नाही. वाट बदलली होती, ती घाबरली होती. हे इतक्या वर्षांनी कळलं, एवढंच.

बऱ्याच भेटींनंतर बाईंनी सांगितलं, तुम्ही ऑटिस्टिक आहात, मराठीत स्वमग्न म्हणतात. कवळीताईला पहिला शब्द चालला. दुसरा ऐकून तिने नाक मुरडलं. "स्वतःत कोण मग्न आहे? मी दातांत मग्न असते. स्वतःत मग्न आमचे भाऊजी आहेत." बाईंच्या तोंडाचा एक कोपरा हलला. ते हसू असावं.

उपचार मात्र तिला वाटला होता तसा निघाला नाही. बाईंनी आधी तिच्या त्रासाचे दोन ढीग केले. "ते संगीत हा तुमचा आजार नाही," त्या म्हणाल्या. "तो गोंगाट आहे. त्याच्यावर इलाज तुमच्या डोक्यात करायचा नाही, त्या स्पीकरवर करायचा. रोज जागा बदलणं हाही मालकाचा आजार आहे, तुमचा नाही. पण फोन तुम्हाला खात नाही. तो टाळला की तो आणखी मोठा होतो. त्याच्याशी थोडी थोडी ओळख करावी लागेल, आणि प्रत्येक वेळी काय होणार ते मी आधी सांगेन. अचानक काही करणार नाही."

भीती किती वाटते ते दहापैकी गुणांत सांगा, असं विचारल्यावर कवळीताई आढ्याकडे बघत बसली. तेव्हा बाईंनी तिला प्लास्टरचं विचारलं. प्लास्टर आधी पातळ असतं, तिने सांगितलं, मग सायीसारखं होतं, मग गरम व्हायला लागतं आणि मग दगड. गरम व्हायला लागलं की हात लावायचा नाही. "पोटाचंही तसंच सांगा," बाई म्हणाल्या. "साय झाली की उठा, बाहेर जा. दगड व्हायची वाट बघू नका." एवढं साधं. ज्यांनी समुद्रकिनाऱ्याचे पैसे घेतले त्यांना हे का सुचू नये, हे कवळीताईला कळेना.

फोनची ओळख मंद आवाजातल्या घंटीपासून सुरू झाली. आधी नुसती ऐकायची. मग वाजू द्यायची, घ्यायचा नाही. मग ठरलेल्या वेळी ताईचा फोन घ्यायचा, मग न ठरलेल्या वेळी. इथवर ठीक चाललं होतं. पण दुकानात फोन करून साबण मागवायचा ठरला आणि दुकानदाराने भलताच प्रश्न विचारला, "तुमच्याकडे कुत्रा आहे का?" त्याला पोऱ्या पाठवायचा होता म्हणून त्याने विचारलं. कवळीताईने फोन ठेवला, न्हाणीघरात जाऊन ओकली आणि पुढच्या भेटीत बाईंना म्हणाली, "तुमचं शास्त्र बकवास आहे."

"असेल," बाई म्हणाल्या. "पायरी उंच झाली. मधे एक घालू."

औषधही झालं. तिथल्या डॉक्टरांनी अगदी थोडं दिलं, त्यानेही आधी तिला एका जागी बसवेना, मग त्याच्या निम्मं केलं, मग हळूहळू वाढवलं. भाऊजी म्हणत होते, गोळ्या कसल्या घेता, सकाळी लवकर उठा. भाऊजी स्वतः कधी लवकर उठत नसत.

जरा बरं वाटल्यावर ती ताईला घेऊन धाकट्या मालकांसमोर जाऊन बसली आणि ठरलेली जागा मागितली, बंद दार मागितलं, फोनऐवजी लिहिलेला निरोप मागितला. मालक म्हणाले, "असं केलं तर उद्या प्रत्येकजण कोपरा मागेल."

"मागेल तर द्या," कवळीताई म्हणाली.

नाहीच म्हणाले. आणि महिनाभराने स्वतःच बोलावून कोठीशेजारची खोली तिला दिली. कुठल्याशा संमेलनात त्यांनी ऐकलं होतं की अशी माणसं नोकरीला ठेवणं सध्या फार मानाचं आहे. कवळीताईला कारणाशी कर्तव्य नव्हतं. दार होतं, खिडकी होती, ब्रश आपापल्या जागी होते.

पण लवकरच बाहेरच्या दालनात तिचा मोठा फोटो लागला. खाली लिहिलं होतं, 'आमची विशेष तारका'. आणि पाहुणे यायला लागले. मालक न सांगता दार ढकलायचे, "आणि या बघा!" म्हणायचे, आणि पाहुणे प्राणिसंग्रहालयात उभं राहिल्यासारखे माना तिरक्या करून हसायचे. एक बाई तर तिच्याशी शब्द तोडून तोडून, मोठ्याने बोलली. कवळीताई ऑटिस्टिक होती, बहिरी नव्हती.

तिने हे बाईंना सांगितलं. "गरम होतं," ती म्हणाली, "पण पोटात नाही. जबड्यात आणि हातांत."

"ती भीती नाही," बाई म्हणाल्या. "तो राग आहे. तो बरा करायचा नसतो. तो कामाला लावायचा असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घरून मालकांना फोन लावला. पोटात साय धरली होती.

"फोटो काढा," ती म्हणाली. "दार वाजवल्याशिवाय कुणी आत यायचं नाही. हे होईपर्यंत मी येणार नाही."

"अरे वा! तुम्ही स्वतः फोन केलात?" मालक गहिवरले. "केवढी ही प्रगती!"

"फोटो," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

फोटो उतरला. तिथे आता धबधब्याचं चित्र आहे. मालक पाहुण्यांना आजही तिच्याबद्दल सांगतात, पण दाराबाहेर, आणि हळू आवाजात. छतावरचे स्पीकर अजून गळतात. ते काढायला मालकांना अजून कुठल्या संमेलनात कुणी सांगितलेलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी ताईने गावाच्या दुसऱ्या टोकाला नवं घर घेतलं. कवळीताई पहिल्यांदाच तिथे एकटी बसने निघाली. अर्ध्या वाटेवर रस्ता खणलेला होता, बस भलत्याच गल्लीत वळली. ओळखीचं एकही दुकान दिसेना. साय झाली, गरम झालं. ती पुढच्या थांब्यावर उतरली, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली, पर्सच्या पट्ट्याला हाताने पीळ घालत राहिली. बऱ्याच वेळाने उठली, एका बाईला रस्ता विचारला, तिने चुकीचा सांगितला, मग दुसरीला विचारला.

ती पोचली तेव्हा दारात भाऊजी होते. शेजाऱ्यांना ते ऑटिझम समजावून सांगत होते. आता तोही विषय त्यांच्या ताब्यात आला होता. "अरे मेहुणीबाई! एवढा उशीर? बघा, एकट्या आल्या! म्हटलं नव्हतं मी, आत्मविश्वास..."

कवळीताई त्यांना ओलांडून आत गेली. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि ताईला म्हणाली, "मला भीती वाटते आहे. अजून वाटते आहे. मला बसू दे, बोलू नकोस."

ताईने हातातलं पातेलं खाली ठेवलं. काय गं, कशी गं, काही नाही. कोपऱ्यातली खुर्ची ओढून तिने भिंतीशी लावली, खिडकीचा पडदा सरकवला आणि बाहेर जाऊन नवऱ्याला सांगितलं, "तुम्ही जरा खाली जाऊन या. आणि सावकाश या."

भाऊजींच्या पायतणांचा आवाज जिन्यातून खाली गेला. कवळीताई डोकं भिंतीला टेकवून बसली. ताई पुन्हा ओट्याशी वळली आणि भांड्यांचा आवाज होऊ नये म्हणून एकेक जपून ठेवायला लागली.